परतीचं तिकीट कुठंय?

गेल्या अंकात प्रवासविम्यावर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती : एकेरी तिकिटावर परदेशात फिरायला निघणार असाल, तर निघायच्या आधी विचारा, विमानतळावरून नको. वाचकांनी ती ओळ भलतीच मनावर घेतलेली दिसते. या खेपेची बहुतेक पत्रं परतीच्या किंवा पुढच्या प्रवासाच्या तिकिटाबद्दलच आहेत. त्यामुळे फॉरेक्स कार्ड आणि हॉटेलवाल्यांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. 'माझा प्रश्न कधी छापणार' म्हणून नवी पेठेतल्या ऑफिसात फोन करणाऱ्यांनी कृपया दम धरावा. ते ऑफिस तिकिटांचं आहे, मासिकाचं नाही.

प्रश्न : ताई, मी कर्वेनगरला राहतो, ग्राफिक्सची कामं घरून करतो. फिलिपिन्सला आता व्हिसा लागत नाही, म्हणून मनिलाचं एकेरी तिकीट काढलं. सेबू बघू, आवडलं तर थांबू, नाहीतर तिथून व्हिएतनाम, असा बेत होता. मुंबईला चेक-इन काउंटरवरच्या मुलीनं 'रिटर्न तिकीट दाखवा' म्हणून बोर्डिंग पासच देईना. शेवटी रांगेच्या कडेला उभा राहून मोबाइलवर मिळेल त्या भावात तिकीट काढलं. देश त्यांचा, नियम त्यांचे, मग ही विमान कंपनी कोण विचारणारी? माझा मित्र बालीला एकेरी तिकिटावर गेला, त्याला कोणी हटकलंसुद्धा नाही.

उत्तर : तुझा राग समजतो, पण त्या मुलीचं काही चुकलं नाही. विमान कंपनी विचारते, कारण भुर्दंड तिला बसतो. 1944 चा शिकागो करार म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे, सगळी नागरी विमान वाहतूक त्याच्यावर चालते. त्याच्या नवव्या परिशिष्टात स्पष्ट म्हटलंय की प्रवाशाकडे उतरण्याच्या देशाला लागणारी कागदपत्रं आहेत की नाहीत, हे विमानात बसवण्याआधी कंपनीनं बघायचं. प्रवाशाला तिथल्या इमिग्रेशननं आत घेतलं नाही, तर त्याला परत न्यायची जबाबदारीही तिचीच. वर देशोदेशीचे दंड वेगळे. ब्रिटननं 1999 च्या कायद्यात माणसामागे 2,000 पौंड लावले होते. आपणही मागे नाही : 2000 साली याच कामासाठी वेगळा कायदा झाला, त्यात प्रवाशामागे एक लाख रुपये होते. 2025 च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानं तो जुना कायदा रद्द केला आणि दंड पाच लाखांपर्यंत नेला. आता तूच सांग, तुझ्या 'बघू, आवडलं तर थांबू' या बेतासाठी काउंटरवरच्या मुलीनं कंपनीच्या खिशाला कात्री का लावून घ्यावी?

फिलिपिन्सचा नियम नीट वाचलास, तर त्यात 'व्हिसा नको' एवढंच लिहिलेलं नाही. 8 जून 2025 पासून भारतीय पर्यटकांना 14 दिवस बिनव्हिसा जाता येतं. त्याला अटी आहेत : पासपोर्ट राहण्याच्या मुदतीपुढे किमान सहा महिने चालणारा हवा, राहायची जागा ठरलेली हवी, खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा हवा आणि परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट हवं. हे 14 दिवस वाढवूनही मिळत नाहीत. म्हणजे विसाव्या दिवशीचं परतीचं तिकीट दाखवलं असतंस, तरी गाडं तिथेच अडलं असतं. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन देश (एकाच सामाईक व्हिसावर चालणारे युरोपातले देश), सिंगापूर किंवा ब्रिटन यांपैकी कुणाचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल, तर 30 दिवस मिळतात. तुझ्याकडे तो असता, तर पत्रात लिहिला असतास.

आता मित्राचं. इंडोनेशियात भारतीयांना उतरल्यावर व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया भरून, 30 दिवसांचा. त्यालाही परतीचं किंवा पुढचं तिकीट लागतंच. मित्राला विचारलं नाही, याचा अर्थ नियम नव्हता असा होत नाही. काउंटरवर जो पडदा असतो, त्यावर टिमॅटिक नावाची माहितीप्रणाली उघडलेली असते. ती विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा चालवते. कर्मचारी त्यात तुमचं नागरिकत्व, जाण्याचं ठिकाण, मुक्कामाचे दिवस घालतो आणि उत्तर वाचतो. ते उत्तर देशागणिक दोन तऱ्हांनी येतं. एका तऱ्हेत सरळ लिहिलेलं असतं की परतीचं किंवा पुढचं तिकीट हवंच. दुसऱ्या तऱ्हेत फक्त इशारा असतो : तिकीट नसलेल्याला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. पहिल्या तऱ्हेत घासाघीस नाही. दुसऱ्या तऱ्हेत मात्र सगळं काउंटरवरच्या माणसावर येतं. कुणी सोडून देतो, कुणी 'परत पाठवलं तर जबाबदारी माझी' असं लिहून सही घेतो, कुणी सुपरवायझरला बोलावतो, आणि कुणाच्या शिफ्टमध्ये नुकताच एक प्रवासी परत आलेला असतो, तो मग सगळ्यांनाच तिकीट मागतो. शिवाय गर्दीच्या वेळी काही जणांकडून विचारायचंच राहतं. तुझा मित्र यांतल्या कुठल्या खिडकीतून निसटला ते त्यालाही माहीत नसेल. त्यामुळे त्याच्या भरवशावर तू निघू नकोस.

आणि व्हिएतनामला जायचंच होतं, तर मनिला ते हनोई असं पुढचं तिकीट चाललं असतं का? चाललं असतं, पण व्हिएतनामचा ई-व्हिसा हातात असता तर. पुढचा देश तुला आत घेईल हेही काउंटरवर दिसावं लागतं. इथे पुष्कळ जण फसतात. स्वस्तात मिळतं म्हणून हाँगकाँगचं तिकीट काढून ठेवतात. भारतीयांना तिथे 14 दिवस बिनव्हिसा राहता येतं खरं, पण त्याआधी ऑनलाइन नोंदणी करून तिचा कागद जवळ ठेवावा लागतो. तो नसला, की पुढचं तिकीट असून नसल्यासारखं. घाईत पुढचं तिकीट काढायचंच झालं, तर भारतीयांना पूर्वपरवानगीशिवाय घेणाऱ्या देशाचं काढावं, नाहीतर सरळ मुंबईचं.

प्रश्न : आमच्या भिशीत एकीनं सांगितलं की 800 रुपयांत 'डमी तिकीट' मिळतं. खरं पीएनआर येतं, कंपनीच्या साइटवर नाव दिसतं. व्हिसासाठी आणि विमानतळावर दाखवायला ते चालतं म्हणे. आम्ही दोघं आणि सासूबाई थायलंडला जाऊन पुढचं तिथेच ठरवणार आहोत. घेऊ का? — सिंहगड रस्ता

उत्तर : आधी हे 800 रुपये कशाचे ते समजून घ्या. त्या नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे पैसे न भरता धरून ठेवलेलं आरक्षण. माझ्यासारखे तिकीटवाले अमॅडियस किंवा गॅलिलिओसारख्या प्रणालीत जागा राखतात, सहा अक्षरांचा पीएनआर तयार होतो, आणि ठरलेल्या मुदतीत तिकीट फाडलं नाही तर आरक्षण आपोआप गळून पडतं. ती मुदत कधी काही तासांची असते, कधी दोनतीन दिवसांची. यात खोटं काही नाही. शेंगेनच्या अर्जाला असंच आरक्षण पुरतं, कारण त्यांच्या व्हिसा नियमांतच आरक्षण किंवा परतीचं तिकीट असं लिहिलेलं आहे, आणि व्हिसा हातात येण्याआधी तिकिटावर पैसे घालवू नका असं बऱ्याच वकिलाती स्वतःच सांगतात. मात्र हे आरक्षण व्हिसाच्या फायलीपुरतं. मुंबईच्या काउंटरवर ते दाखवायला गेलात, तर आधीच गळून पडलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी वस्तू म्हणजे कुणाच्या तरी जुन्या तिकिटाच्या पीडीएफवर नाव आणि तारीख बदलून दिलेला कागद. हा बनावट कागद आहे, त्याला दुसरं नाव नाही. शेंगेनच्या अर्जात असा कागद सापडला, तर त्याच कारणानं व्हिसा नाकारता येतो आणि नकाराची नोंद त्यांच्या सामाईक माहितीसाठ्यात पाच वर्षं राहते. भिशीतल्या बाई पाच वर्षांनी तुमच्याबरोबर खिडकीत उभ्या राहणार आहेत का?

ओळखायचं कसं ते सांगते. कालच एक काका मोबाइलवर असा कागद घेऊन आले होते. मी त्यांच्यासमोरच कंपनीचं संकेतस्थळ उघडलं, पीएनआर आणि आडनाव टाकलं. पान उघडलं, काकांचं नाव आलं, विमानाचा नंबर आला, तारीख आली. काका म्हणाले, "बघा, आहे की!" मग मी खाली बोट ठेवलं. जिथे ई-तिकीट क्रमांक यायला हवा, तिथे काहीच नव्हतं. फाडलेल्या तिकिटाला 13 आकडी क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे कंपनीचे : एअर इंडियाचे 098, एमिरेट्सचे 176, लुफ्तान्साचे 220, सिंगापूर एअरलाइन्सचे 618. तो क्रमांक नसेल, तर जागा राखलेली आहे, तिकीट नाही. काउंटरवरचं माणूस हेच बघतं, आणि त्याला माझ्याइतकाही वेळ लागत नाही. काही स्वस्तातल्या कंपन्या असा क्रमांक देत नाहीत. तिथे पैसे भरल्याची नोंद आणि बुकिंग पक्कं असल्याचा शेरा बघायचा.

मग तुम्ही करायचं काय? सासूबाई बरोबर आहेत, त्या एका गोष्टीनं माझं उत्तर ठरतं : परतीचं तिकीट काढा, तारीख बदलता येईल असं. एकटा पोरगा असता, तर मी वेगळं सांगितलं असतं. सत्तरीच्या बाईला काउंटरसमोर ट्रॉलीवर बसवून तुम्ही दोघं मोबाइलवर तिकिटं शोधताय, हे चित्र मला बघायचं नाही. बेत खरंच हवेत असेल, तर पूर्ण रिफंडवालं तिकीट काढता येतं. पण 'रिफंडेबल' हा शब्द बघून हुरळू नका, 'फेअर रूल्स' म्हणजे त्या भाड्याच्या अटी उघडून वाचा. रद्द केल्यावर किती कापतात, कन्व्हिनियन्स फी परत मिळते का (बहुधा नाही), आणि पैसे ज्या कार्डावरून गेले त्याच कार्डावर येणार का, एवढं तरी बघा. कंपनीच्या पाकिटात 'क्रेडिट' म्हणून अडकलेले पैसे म्हणजे रिफंड नव्हे. आणि ते तिकीट रद्द करायचं झालं, तर त्या विमानाची वेळ टळायच्या आत. नंतर तुम्ही नो-शो, म्हणजे न आलेला प्रवासी, आणि हाती येणार विमानतळाच्या करातले चार पैसे.

आणखी एक. मुंबईहून विमान सुटलं रे सुटलं, की काही हुशार मंडळी परतीचं तिकीट फोनवरून रद्द करून टाकतात. असं करू नका. बँकॉकला इमिग्रेशन खिडकीत पुन्हा विचारू शकतात. थायलंडला 1 मे 2025 पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याला ऑनलाइन आगमनपत्र आधी भरावं लागतं, त्यातही प्रवासाचा तपशील असतो. पासपोर्टवर शिक्का पडून सामानाच्या पट्ट्यापाशी पोचलात, की मग खुशाल काय ते करा.

प्रश्न : आमचा चौघांचा बेत असा : मुंबईहून सिंगापूर, चार दिवस तिथे, मग बसनं क्वालालंपूर आणि तिथून मुंबई. जाण्याचं एका कंपनीचं, येण्याचं दुसऱ्या. सिंगापूरहून विमानानं बाहेर पडणारच नाही, तर तिथलं पुढचं तिकीट म्हणून दाखवायचं काय? — बिबवेवाडी

उत्तर : क्वालालंपूर–मुंबई हे तिकीटच तुमचं पुढच्या प्रवासाचं तिकीट. फक्त काउंटरवरच्या माणसाला एकेरी सिंगापूर दिसतं, आणि मधला साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता त्याच्या पडद्यावर नसतो. तो तुम्ही कागदावर दाखवायचा. बसचं तिकीट आधी काढा, या मार्गावर ते ऑनलाइन सहज मिळतं. तीन कागद एकाखाली एक लावा : सिंगापूरचं विमान, बस, क्वालालंपूरचं विमान. तारखा ओळीनं जुळल्या पाहिजेत. सिंगापूरचा व्हिसा तर तुम्ही काढणारच आहात. मलेशियात भारतीयांना 31 डिसेंबर 2026 पर्यंत 30 दिवस बिनव्हिसा प्रवेश आहे, पण त्यांचं डिजिटल आगमनपत्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. सिंगापूरचंही तसंच, तेही तीन दिवसांत. दोन्ही पत्रं चौघांची वेगवेगळी भरावी लागतात. ती भरल्याचे ईमेल प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा, नाहीतर सगळं एकाच्या फोनमध्ये असतं आणि तो नेमका वॉशरूमला गेलेला असतो.

सीमेवर बसमधून सामानासकट दोनदा उतरावं लागतं, आधी सिंगापूरच्या बाजूला, मग मलेशियाच्या. शुक्रवारी संध्याकाळी तिथे मुंगी शिरायला जागा नसते, एवढं लक्षात ठेवून बसचा दिवस निवडा.

असाच प्रवास उलटा केला, आधी क्वालालंपूर, मग बसनं सिंगापूर, तर सिंगापूरचा व्हिसा आणि सिंगापूर–मुंबई तिकीट दोन्ही दाखवावं लागेल. नुसत्या बसच्या तिकिटाला काउंटरवर फारसं कुणी जुमानत नाही. आणि शक्य असेल तर दोन्ही टोकं एकाच कंपनीची एकाच पीएनआरवर घ्या. तिकीटवाले याला ओपन जॉ म्हणतात. दोन एकेरी तिकिटांपेक्षा ते बऱ्याचदा स्वस्तही पडतं आणि काउंटरवर प्रश्नच उरत नाही, कारण परतीचा प्रवास त्याच पडद्यावर दिसतो. पुण्यातले लोक तिकिटात दोनशे रुपये वाचवायला दोन कंपन्या पकडतात आणि मग मुंबईपर्यंतच्या टॅक्सीत मला फोन करतात.

प्रश्न : माझ्या मुलीची जर्मन मैत्रीण तीन आठवडे आमच्याकडे औंधला राहायला येत आहे. इथून पुढे ती श्रीलंकेला जाईल म्हणते, पण तिकीट अजून काढलेलं नाही. आपला देश असं काही विचारतो का? तिला उगाच घाबरवायचं नाही.

उत्तर : विचारतो. आपल्या ई-टुरिस्ट व्हिसाच्या सूचनांमध्येच लिहिलंय की पाहुण्याकडे परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं तिकीट आणि इथल्या खर्चाला पुरेसे पैसे असावेत. पासपोर्ट सहा महिने चालणारा आणि त्यात दोन कोरी पानंही हवीत. तेव्हा आपल्या लोकांना बाहेर जे विचारतात, तेच तिला फ्रँकफर्टच्या काउंटरवर विचारलं जाऊ शकतं. कोलंबोचं तिकीट आत्ताच काढायला सांगा. श्रीलंकेची प्रवेश परवानगीही तिच्या हातात असली, म्हणजे झालं. 1 ऑक्टोबर 2025 पासून परदेशी पाहुण्यांना भारताचं ई-आगमनपत्रही ऑनलाइन भरावं लागतं. फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं, तर ते सरकारी नव्हे.

खरं काम मात्र तुमचं आहे, तिचं नाही. परदेशी पाहुणा घरी राहायला आला, की 24 तासांच्या आत 'फॉर्म सी' या नावानं ओळखला जाणारा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. हॉटेलवाले भरतात तोच. तो घरमालकालाही लागू आहे, हे औंध-बाणेरच्या कित्येक सोसायट्यांत कुणाला ठाऊक नसतं. पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येतं. ती यायच्या आठवडाभर आधी पोर्टलवर यजमान म्हणून स्वतःची नोंदणी करून ठेवा, कारण घराचा पुरावा अपलोड करायला ते लोक एका विशिष्ट आकाराची फाइल मागतात आणि तुमचं लाइट बिल कधीच त्या आकाराचं नसतं. तिच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांचा फोटो आधीच मागवून घ्या. ती दमून येईल, मुलगी गप्पांत रमेल, आणि 24 तास जातात कुठे ते कळत नाही.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला आहे, मार्चमध्ये बाळंतपण. आम्हा दोघांचा दहा वर्षांचा अमेरिकेचा व्हिसा आहे. परत कधी येणार ते बाळाच्या तब्येतीवर ठरेल. एकेरी तिकीट काढलं तर अडवतील का? एका स्नेह्यांनी सांगितलं की मधे कॅनडाला जाऊन आलं की पुन्हा नवे सहा महिने मिळतात. — सहकारनगर

उत्तर : आधी अभिनंदन. तुमच्या व्हिसावर परतीचं तिकीट असलंच पाहिजे असा नियम अमेरिकेत नाही. तो आहे बिनव्हिसा जाणाऱ्या देशांच्या नागरिकांना, म्हणजे जर्मन, जपानी वगैरे मंडळींना. त्यांच्याकडे परतीचं किंवा पुढचं तिकीट हवंच, आणि ते कॅनडा, मेक्सिको किंवा कॅरिबियन बेटांपाशी संपून चालत नाही, तिथले रहिवासी असल्याशिवाय. तुमच्या स्नेह्यांनी कुठून तरी त्याचंच अर्धवट ऐकलेलं दिसतंय. तुम्ही कॅनडाला जाऊन आलात, तर परत घेताना अधिकारी तुमची जुनीच मुदत पुढे चालू ठेवू शकतो. नवे सहा महिने हा काही हक्क नाही. शिवाय कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, तो खर्च स्नेही देणार आहेत का विचारा.

तरीही मी तुम्हाला परतीचंच तिकीट काढायला सांगेन. कारण साधं आहे : न्यूअर्कला इमिग्रेशन अधिकारी 'किती दिवस राहणार' असं विचारतो, तेव्हा तारीख असलेलं उत्तर बिनतारखेच्या उत्तरापेक्षा बरं. बहुधा येण्याजाण्याचं मिळून तिकीट दोन एकेरींपेक्षा स्वस्तही पडतं. परतीची तारीख सहा महिन्यांच्या बरीच आत ठेवा, तारीख बदलायला किती लागतील ते आधी विचारून घ्या, आणि गरज पडली तर बदला.

पासपोर्टवरचा दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं दारापर्यंत जायची मुभा. आत किती दिवस राहायचं ते आय-94 या नोंदीवर असतं. तुमच्यासारख्यांना बहुतेक सहा महिने देतात, पण अधिकारी कमीही देऊ शकतो. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी जावयाला सांगून ती नोंद सरकारी संकेतस्थळावरून छापून घ्या आणि फ्रिजवर लावा. त्या तारखेच्या पुढे एक दिवस जरी राहिलात, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. थांबायलाच लागलं, तर मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज करायचा असतो, फॉर्म आय-539. बाळाच्या बारशाचा मुहूर्त काढताना हीही तारीख समोर ठेवा.

प्रश्न : न्यूझीलंडचा व्हिजिटर व्हिसा काढतोय. परतीचं तिकीट आधी काढावं लागेल का?

उत्तर : तिकीट, किंवा ते काढण्याइतके जादा पैसे, दोन्हींपैकी एक दाखवा. राहण्याच्या खर्चासाठी महिन्याला माणशी 1,000 न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात, राहायच्या जागेचे पैसे आधीच भरले असतील तर 400. तिकिटाचे पैसे यात धरू नका, ते वरचे.

प्रश्न : मी सेवानिवृत्त बँक अधिकारी असून वय वर्षे 68 आहे. पत्नीसह मॉरिशसला जात आहे. माझे निवृत्तिवेतन, मुदत ठेवी आणि स्वतःच्या सदनिकेची कागदपत्रे पाहता मी तिकडे कायमचा राहण्याची शक्यता कुणालाही वाटू नये. असे असताना परतीच्या तिकिटाचा आग्रह अपमानास्पद नाही काय? सदर कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती चालतील काय? — सदाशिव पेठ

उत्तर : नाही चालणार, साहेब. मुदत ठेवींवरून तुमच्याकडे पैसे आहेत एवढं कळतं. मॉरिशसहून तुम्ही कोणत्या तारखेला, कोणत्या विमानानं निघणार ते कळत नाही, आणि काउंटरवर तेवढंच विचारतात. ते प्रत्येकाला विचारतात, बँकेच्या चेअरमनलाही विचारतील. परतीचं तिकीट काढा, त्याची एक प्रत छापून घ्या, कारण तुमच्या फोनची बॅटरी रांगेतच संपेल. ठेवींची कागदपत्रं न्यायचीच असतील तर बँक स्टेटमेंट तेवढं न्या, खर्चाला पैसे आहेत हे दाखवायला ते उपयोगी पडतं. सदनिकेचं खरेदीखत घरी कपाटात राहू द्या. आणि वहिनींचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर असेल, तर त्याचीही प्रत घ्या.